ढगावरचं दुकान

रायपूरच्या सदर बाजारात मला ‘कंप्युटरवाले भाऊ’ म्हणतात. यातलं ‘भाऊ’ एवढंच खरं आहे. आम्ही तात्यापाऱ्यातले, छत्तीसगडात आमची ही चौथी पिढी, आणि मराठी माणूस दिसला की हा बाजार त्याला भाऊ करून टाकतो. कंप्युटरचं म्हणाल तर मी जन्मभर हिशेबनीस. पायथन शिकलो ते उतारवयात, गुडघ्यानं तीन महिने घरी बसवलं म्हणून. पण शिक्का बसला तो बसला. सदर बाजार सगळा सराफांचा. एकदा बसलेला शिक्का सहजासहजी पुसत नाहीत, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

दसरा आटोपला आणि सेठजींचं बोलावणं आलं. पांढरी गादी, पाठीशी लोड, काचेच्या पेटीत तराजू, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सेठजी निम्मं हिंदी बोलतात, निम्मं छत्तीसगढी. हिंदीचं मी इथं मराठी करतो. छत्तीसगढी तसंच ठेवतो, त्याचं मराठी केलं की त्यातला लोभ उडून जातो.

“भाऊ, नातू म्हणतो दुकानाचं ॲप पाहिजे. रोजचा भाव दिसावा, बिल निघावं, घडणावळ लागावी. कतका पइसा लगही?”

“पैसे कसले, सेठजी? तयार साचा मिळतो. फुकट.”

सेठजी हसले. आतल्या खोलीकडे बोट करून म्हणाले, “माझ्याकडे आजोबांपासूनचे दोनशे साचे पडलेत. साचा फुकटच असतो. सोनं कुणाचं, ते बोला.”

मी तेव्हाच चहा पिऊन उठलो असतो तर बरं झालं असतं.

खरं तर साचा ही वस्तू आपल्याला परकी नाही. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला मोदकांची फौज उभी राहते ती साच्याच्या जिवावर. हातानं पाकळ्या काढणाऱ्या काकू त्या फौजेकडे ज्या नजरेनं बघतात, त्याच नजरेनं जुने प्रोग्रामर तयार साच्यांकडे बघतात. आणि मोदक-करंज्यांच्याही आधीपासून मराठी माणसाच्या घरात एक साचा आहे: पत्राचा मायना. यादवांच्या दरबारातल्या हेमाडपंताच्या नावावर ‘मेस्तक’ म्हणून एक ग्रंथ सांगतात. कुणाला कोणत्या मायन्यानं लिहावं आणि दप्तर कसं राखावं याचे नियम त्यात आहेत. म्हणजे तेराव्या शतकात आमच्याकडे स्टार्टर टेम्प्लेट होतं, फक्त ते डाउनलोड करायला देवगिरीला जावं लागायचं.

माझे आजोबा नागपूरला थोरल्या भावाला पत्र लिहीत. ‘तीर्थस्वरूप’पासून जी सुरुवात व्हायची ती ‘कृ. शि. सा. न. वि. वि.’ करत अर्धं कार्ड खाऊन जायची. उरलेल्या अर्ध्यात ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे’ आणि तळाशी ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’. या सगळ्याच्या मधोमध, अंग चोरून, एक ओळ: ‘पन्नास रुपये पाठवावेत.’ अख्ख्या कार्डात आजोबांची स्वतःची ओळ तेवढीच.

पायथनच्या वेब ॲपचं अगदी तेच आहे. जँगो नावाची एक चौकट आहे. अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत ती जन्मली आणि २००५ साली सगळ्यांना खुली झाली. तिला एक आज्ञा दिली की ती पाच-सहा फाइली मांडून देते. दारं कुठली ते सांगणारी एक, कुलपं-दिवे-पाण्याची सेटिंग्जची एक, चाकराची एक. आणि एक फाइल चक्क कोरी. काम काही दिसत नाही, पण तिचं नाव असं काही भारदस्त, मागे-पुढे दोन-दोन अधोरेखा घातलेलं, की ती काढायची छाती होत नाही. लग्नघरात असे एक थोरले काका असतातच. मग ब्राउझर उघडायचा: एक रॉकेट उडताना दिसतं आणि बसवणं यशस्वी झालं म्हणून अभिनंदन येतं.

मी हौसेनं लॅपटॉप गादीवर ठेवून रॉकेट दाखवलं.

“दिवाळीला अजून वेळ आहे,” सेठजी म्हणाले. “भाव कुठाय?”

भाव नव्हता. मायना झाला होता, पन्नास रुपयांची ओळ राहिली होती.

नातू बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. त्याला रॉकेट पोरकट वाटलं. त्यानं कुठून तरी शोधून आणलं की याहून भरगच्च साचा मिळतो: पाहुण्यांचं लॉगिन, ईमेल, डेटाबेस, ढगावर चढवण्याची शिडी, सगळं आधीच जोडलेलं. त्याचं नाव कुकीकटर जँगो. कुकीकटर म्हणजे बिस्किटं कापायचा साचा, आपल्या शंकरपाळ्यांच्या कातण्याचा विलायती चुलत भाऊ. हा साचा आधी माणसाला समोर बसवून वीस-पंचवीस प्रश्न विचारतो आणि उत्तरं ऐकून अख्खा डोलारा उभा करतो. प्रत्येक प्रश्नापुढे त्याचं स्वतःचं उत्तर तयार असतं. आपल्याला सुचलं नाही तर एंटर दाबायचं. मुलगी बघायला आलेल्या मंडळींनी प्रश्नही विचारावेत आणि मुलीच्या वतीनं उत्तरंही द्यावीत, तसा सोयीचा प्रकार.

आम्ही तिघं बसलो. सेठजींनी मुनीमजींनाही बोलावलं, कारण प्रश्नोत्तरं चालली आहेत म्हणजे सरकारी काहीतरी असणार.

प्रकल्पाचं नाव? यावर आजोबा-नातवात वाद झाला. आजोबांना पणजोबांचं नाव हवं होतं, नातवाला इंग्रजी. शेवटी “नंतर बदलू” म्हणून एंटर. वर्णन? एंटर. लेखकाचं नाव? चहा आला होता, एंटर. डोमेन? तयार उत्तर होतं ‘एक्झाम्पल डॉट कॉम’. हा पत्ता १९९९ पासून फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे, तिथं कुणालाच दुकान टाकता येत नाही. मला हे माहीत होतं. तरी एंटर दाबलं, कारण बशीतली जिलेबी गरम होती.

मग प्रश्न आला, सेलरी हवी का?

सेलरी हा मागल्या दारानं कामं उरकणारा गडी आहे. बिल लगेच द्यायचं आणि पावतीचा ईमेल त्यानं सवडीनं पाठवायचा, असा. पण नाव पडलं भाजीचं. सेठजी कट्टर जैन.

“ही जमिनीवर येते की जमिनीखाली?”

“भाजी नाही हो सेठजी, प्रोग्राम आहे.”

“असेना. कंद आहे का?”

देठ खातात, जमिनीवर येते, असं मी शपथेवर सांगितलं तेव्हा होकार मिळाला. पायथनच्या गाठोड्यांना पूर्वी ‘एग’ म्हणत, हे मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही. आता त्यांना ‘व्हील’ म्हणतात, सुटलो. खुद्द पायथन हे नाव अजगरावरून नाही, माँटी पायथन नावाच्या इंग्रज विनोदवीरांच्या चमूवरून ठेवलेलं आहे, एवढं मात्र सांगितलं. सेठजी म्हणाले, “ते दिसतंच आहे.”

आणखी एक प्रश्न ढगाचा. कोणत्या कंपनीचा ढग घ्यायचा?

इथं मला जरा इतिहास सांगायची हुक्की आली. पायथनला ढगावर पहिली मोठी जागा दिली गुगलनं, ७ एप्रिल २००८ रोजी, ॲप इंजिन या नावानं. तेव्हा तिथं दुसऱ्या कोणत्या भाषेला प्रवेशच नव्हता, आणि पायथनचा जनक खिदो व्हान रॉसम त्या काळी गुगलमध्येच होता. पहिल्या दहा हजार जणांना जागा, प्रत्येकाला ५०० एमबीची फुकट खोली. शिकाऊंना तिथं पहिला धडा मिळायचा तो गेस्टबुकचा: पाहुण्यानं यावं, दोन शब्द लिहून जावं. जगभरातल्या होतकरूंनी अशी अभिप्रायाची वही बांधली, आणि बहुतेकांच्या वहीत एकच अभिप्राय असायचा, तोही स्वतःचाच, ‘टेस्ट’ असा.

सेठजींना यात रस नव्हता. त्यांचा प्रश्न सराफाचा होता. “ढग म्हणजे नेमका कुठं? माल कुठं राहणार?”

“मुंबईत. अमेझॉनवाल्यांनी २०१६ मध्ये तिथं केंद्र उघडलं, गुगलवाल्यांनी २०१७ मध्ये.”

“म्हणजे गोदाम. मग गोदाम म्हणा ना, ढग कशाला म्हणता? पगडी किती?”

“पगडी नाही. भाडं तासावर.”

“तासावर?” मुनीमजींनी चष्मा काढला.

ढगावर आपला निरोप चढवण्याची कल्पना आपल्याकडे जुनीच, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं, घरी आल्यावर सुचलं. यक्षानं मेघाला कामाला लावलं तेव्हा त्यानंही आधी मार्ग बारकाव्यानं समजावून सांगितला होता. कुठं थांब, कुठं पाणी भर, कुठं वळ. आजच्या भाषेत ती डिप्लॉयमेंटची सूचनापुस्तिकाच. फक्त सर्व्हरच्या पत्त्यावरून आमच्या घरात गेली चाळीस वर्षं भांडण आहे. यक्षाची रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, हे महामहोपाध्याय मिराशींचं मत, म्हणून नागपूरकर आजीचंही. बायकोचं माहेर अंबिकापूरचं. तिच्या मते ती टेकडी म्हणजे सरगुज्यातला रामगढ, आणि आषाढाच्या पहिल्या दिवशी तिथं उत्सव होतो तो काय उगाच? रायपूर या दोन्हींच्या मध्ये आहे. मीही.

तर साचा उभा राहिला. आता त्यात दुकान भरायचं होतं, आणि इथं मला कळलं की सराफाला संगणकाची सुरक्षा शिकवणं म्हणजे महानदीला पाणी शिकवणं. जँगोच्या साध्या साच्यात एक गुप्त किल्ली तयार मिळते. तिच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं: जँगो-इन्सिक्युअर. तिजोरीच्या किल्लीला ‘ही किल्ली भरवशाची नाही’ अशी चिठ्ठी बांधून देणारा हा जगातला एकमेव कुलूपवाला. ती बदलायची आणि नवी किल्ली वेगळ्या फाइलीत ठेवायची, जी बाकीच्या कागदांबरोबर कुणाला द्यायची नाही, असं मी समजावत होतो. सेठजींनी कमरेचा जुडगा वाजवला. “किल्ली बहीत लिहून कोण ठेवतं, भाऊ?” मी गप्प बसलो. मी ठेवली होती. माझ्या आधीच्या एका प्रयोगात ती सगळ्या जगाला दिसेल अशा जागी दीड महिना होती.

डीबग नावाचं बटणही त्यांना एका वाक्यात कळलं. ते चालू असेल तर काही बिघडल्याबरोबर साचा एक पिवळट पान उघडतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आतलं सगळं सांगत बसतो: काय बिघडलं, कोणत्या ओळीत, तेव्हा कोण काय करत होतं. घरी दुरुस्तीला फार उपयोगी, बाजारात अब्रू घालवणारं.

“सून माहेरी फोन करते तेव्हा दार लावून करते,” सेठजी म्हणाले. बटण बंद झालं.

घोटाळा झाला तो वजनात. एका मंगळसूत्राच्या दोन वाट्यांमध्ये डाग द्यायला लागलेलं सोनं, एकीला ०.१ ग्रॅम, दुसरीला ०.२ ग्रॅम. नातवानं ते भरलं. पडद्यावर बेरीज आली: ०.३०००००००००००००००४.

दुकान शांत झालं. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

सेठजींनी भिंग काढलं. खरंच काढलं, हिरा बघायचं, आणि पडद्याला लावलं. “हा शेवटचा चार कुणाचा? गिऱ्हाइकाचा की दुकानाचा?”

मी सांगू लागलो की संगणक दोनाच्या हिशेबात चालतो, त्याला एक दशांश नेमका मांडताच येत नाही. जसं आपल्याला एक तृतीयांश दशांशात लिहिताना तीन-तीन-तीन करत बसावं लागतं.

“येत नाही तर कशाला करतो?” मुनीमजी म्हणाले. बारा मासे म्हणजे तोळा आणि आठ गुंजा म्हणजे मासा, असं शहाण्णवाचं कोष्टक बोटांवर फिरवणारा माणूस तो. आता सगळे दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात हे त्यांना अजून मान्य नाही. त्यांच्या मते तोळ्यामागे दीड ग्रॅमहून जास्त सोनं इंग्रजाबरोबर गेलं. त्यांच्यापुढे मी शेपटातल्या चाराची वकिली करत होतो.

वास्तविक सराफ्यात हा चार सांडू देत नाहीत. कारागिराच्या खोलीतला केर इथं कुणी फेकत नाही. तो घेऊन धुणारे, गटारातली माती चाळून कण काढणारे लोक वेगळे असतात. मराठीत त्यांना झारेकरी म्हणतात. छत्तीसगडात तर नदीची वाळू धुऊन सोनं काढणारी सोनझरा ही जमातच आहे. केरातून सोनं काढणाऱ्यांच्या मुलखात मी हवेतून सोनं काढून दाखवलं होतं, आणि कौतुक कुणालाच नव्हतं.

पायथनपाशीही झारेकरी आहे. त्याचं नाव डेसिमल. त्याला हिशेब दिला की तो शाळेतल्यासारखा कागदावर मांडून करतो, ०.३ म्हणजे ०.३. मी सगळी वजनं त्याच्याकडे सोपवली. दोन रात्री लागल्या. तीन टक्के जीएसटी, हॉलमार्कचा सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक, घडणावळ, घट, जुनं सोनं मोडीत घेतलं तर त्याची वजावट. यातलं साच्यात काही म्हणजे काही नव्हतं. साच्यात होतं ते पासवर्ड विसरलेल्यांना पत्र धाडण्याची चोख व्यवस्था. सेठजींची निम्मी गिऱ्हाइकं पासवर्ड विसरणार नव्हती, कारण त्यांना तो असणारच नव्हता.

वेळेचंही असंच. सकाळी अकराचं बिल पहाटे साडेपाचचं दाखवी. साच्याचं घड्याळ यूटीसीवर, आपण साडेपाच तास पुढे. “साडेपाचला मी देरासरात असतो,” सेठजी दुखावल्या आवाजात म्हणाले. सेटिंग्जमध्ये एका ओळीत ‘एशिया/कोलकाता’ लिहिलं की काम झालं. जँगोला मराठीही येते, भाषांच्या यादीत ‘एमआर’ आहे. मी हौसेनं एक दिवस लावून ठेवली. नातवानं ‘लॉग इन करा’ वाचलं आणि विचारलं, “भाऊ, हे कोण करणार? मी की तुम्ही?” हिंदी लावली.

भाड्याबद्दल थोडक्यात उरकतो. ढगावर पूर्वी फुकट खोल्या बऱ्याच होत्या. हेरोकूनं आपल्या २८ नोव्हेंबर २०२२ पासून बंद केल्या, इतरांच्या अटींवर चालू आहेत. मी एका कंपनीच्या ढगावर सरावासाठी डेटाबेस उघडला आणि बंद करायला विसरलो. महिनाभर तो रिकामा डेटाबेस दिवसरात्र जागा राहिला, कुणी आलं नाही, गेलं नाही. बिल माझ्या कार्डावर आलं. सेठजींना मी ते सांगितलं नव्हतं, बायकोनं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते सोन्यात तांबं निघाल्यावर बघतात तसं नाही, तांब्यात पितळ निघाल्यावर बघतात तसं.

तरी दिवाळीपर्यंत दुकान ढगावर चढलं. चढल्याबरोबर त्यानं आम्हालाच दारातून हाकललं. नावं बघून आत सोडणारा एक दरवान साच्यात असतो, आणि जिलेबीच्या नादात मी त्याच्या यादीत एकच नाव टाकून ठेवलं होतं, एक्झाम्पल डॉट कॉम. ते सुधारलं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सदर बाजारात दिव्यांची रांग लागली. चौरंगावर लाल कापडात बांधलेल्या नव्या बह्या, पहिल्या पानावर ‘श्री’चा उतरता मनोरा, कडेला शुभ आणि लाभ. बाकी पानं कोरी. सेठजींनी बह्यांच्या शेजारी लॅपटॉप ठेवायला लावला आणि त्याच्या झाकणावर स्वतः कुंकवाचा स्वस्तिक काढला. नातवानं डोळे मिटून घेतले. वॉरंटी चालू होती.

पंडितजींनी संकल्प सुरू केला. जंबुद्वीपे, भरतखंडे करत ते मोठ्या पत्त्यावरून लहान पत्त्यावर उतरत रायपूर नगरापर्यंत आले आणि थांबले.

“हे नवीन दुकान कुठं आहे म्हणालात?”

“मुंबईत,” नातू म्हणाला. “ढगावर.”

पंडितजींनी क्षणभर विचार करून रायपूरच कायम ठेवलं. “बरं, नाव?”

नातवानं लॅपटॉप उघडला. “माय ऑसम प्रोजेक्ट.”

सेठजींनी माझ्याकडे बघितलं. मी बह्यांकडे बघितलं.

“कर्ता कोण?”

एंटर दाबलेल्या त्या चहाची चव मला एकदम आठवली. नातू पडद्यावरची ओळ खणखणीत आवाजात वाचू लागला: लेखक, डॅनिअल रॉय ग्रीनफेल्ड. तो मूळ साचा घडवणारा अमेरिकन गृहस्थ. त्यानं प्रश्नापुढे नमुना म्हणून आपलं नाव ठेवलेलं आहे.

“यजमान हजर आहेत का?” पंडितजींनी विचारलं.

“नाहीत,” मी म्हणालो.

“गोत्र?”

कुणीच बोललं नाही. बाहेर फटाक्यांची माळ लागली. पंडितजींनी हातातलं पाणी ताम्हनात सोडलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “ठीक आहे. ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात.”